भाषेची जात कोणी ठरवायची?

उर्दू-फारसी शायरीत प्रेयसीच्या केसांच्या सुगंधाला खता आणि खुतनच्या कस्तुरीची उपमा देतात. खता म्हणजे उत्तर चीन. पण ज्यांच्यावरून हे नाव पडले ते खितान लोक चिनी नव्हते. इ.स. ९०७ ते ११२५ या काळात मंगोलिया, मांचुरिया आणि उत्तर चीनच्या काही भागावर त्यांचे राज्य होते. चिनी इतिहास त्याला लिआओ घराणे म्हणतो.

त्यांची भाषा कोणत्या कुळातली? ९२० साली त्यांनी आपली मोठी लिपी घडवली आणि काही वर्षांतच छोटी. दोन्ही दिसायला चिनीसारख्या. पण लिपी हा भाषेचा अंगरखा आहे, रक्त नव्हे. १९२२ साली आंतर मंगोलियातल्या राजकबरींत छोट्या लिपीतले शिलालेख सापडले. पुढे अभ्यासकांनी एकेक चिन्ह सोडवले, तेव्हा आतून वेगळीच भाषा निघाली. शंभरला खितान 'जाउ' म्हणत, जुने मंगोल 'जागून'. पाचला 'ताउ', तिकडे 'ताबुन'. सशाला 'ताउलिआ', तिकडे 'ताउलाइ'. नाते उघड आहे, तरी पुष्कळ शब्द जुळत नाहीत. म्हणून युहा यानहुनेन या फिनलंडच्या अभ्यासकाने तिला मंगोल कुळाला समांतर अशी शाखा मानले. आपल्या शब्दांत, आजच्या मंगोल भाषेची ती आई नव्हे, मावशी.

आता प्रश्न न्यायाचा. चंगीझखानाचे राज्य १२०६ चे, खितानांचे त्याच्या तीनशे वर्षे आधीचे. तरीही मावशीची नोंद भाचीच्या नावाने होते, कारण बोलणारी माणसे भाचीकडे उरली. यात अभ्यासकाचा दोष नाही. अज्ञाताला ज्ञाताच्या शेजारी ठेवूनच ओळखावे लागते. मात्र नाते सांगणे वेगळे आणि ओळख ठरवणे वेगळे. पहिले ज्ञानाचे काम आहे, दुसरा बोलणाऱ्याचा हक्क.

हा हक्क खितानांकडून हिरावला गेला. ११९१ साली जुर्चेन सम्राटाने त्यांची लिपी बंद केली. पुढे चंगीझखानाच्या दरबारातल्या येलू चुत्साइ या खितान विद्वानाला पूर्वजांची भाषा मोठेपणी, मध्य आशियात जाऊन शिकावी लागली. त्याने एक खितान कविता चिनीत आणली. आज तो अनुवाद आहे, मूळ कविता नाही.

मेलेली भाषा उत्तर देऊ शकत नाही. जिवंत भाषा देऊ शकते. तरी आपण तिला विचारत नाही. उर्दूची लिपी पाहून तिला परकी ठरवणारे पुष्कळ आहेत. मैं, तुम, करना, जाना हे तिचे सर्वनाम-क्रियापद याच मातीतले, हे कुणी पाहत नाही. आणि कोकणातल्या मुसलमानाच्या घरात कोकणी बोली नांदत असली, तरी त्याचे नाव ऐकूनच त्याची मातृभाषा उर्दू लिहून मोकळे होणारेही आहेत. एकीकडे लिपीवरून निकाल, दुसरीकडे धर्मावरून.

खितान भाषेचे कूळ शोधणाऱ्यांनी एका चिन्हासाठी आयुष्यातली वर्षे घातली, आणि जिथे पुरावा संपला तिथे कप्पा उघडा ठेवला. बोलणारा एकही माणूस उरला नसताना त्यांनी एवढी सबुरी दाखवली. आपल्यासमोर तर माणूस उभा आहे. त्याच्या भाषेचा रकाना भरण्याआधी त्याला बोलू द्यावे, इतकेच मागणे आहे.