सुगरणीची साक्ष

निसर्गाविषयीच्या जिज्ञासेचे समर्थन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. तिच्यातून उपयुक्त ज्ञान निष्पन्न होते, असे एक. ती स्वयमेव आनंददायी असते, असे दुसरे. दोन्ही समर्थने ग्राह्य आहेत. परंतु जिज्ञासेच्या नैतिक आशयाला ती स्पर्श करीत नाहीत. तो आशय कोणता, हे एका पक्ष्याच्या नावावरून पाहता येते.

विणकर पक्ष्याला मराठीत 'सुगरण' म्हणतात. हे नाव केवळ स्त्रीलिंगी नाही. गृहकृत्यदक्ष स्त्रीचा आदर्श त्यात गृहीत आहे. बहिणाबाई चौधरींच्या सुपरिचित कवितेतही खोपा विणते ती पिलांत जीव गुंतलेली आई. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे सालिम अलींनी या पक्ष्यांच्या वसाहतीचे दीर्घ निरीक्षण केले. खोपा विणतो तो नर, असे त्यांना दिसले. खोपा अर्धा झाला की माद्या येऊन तो पारखतात. एखादीने पसंत केला तर नर तो पुरा करतो आणि पुढे दुसरा विणावयास घेतो. आतली मऊ सजावट, अंडी उबवणे ही कामे मादीची.

यावरून कवितेवर तथ्यदोषाचा आरोप ठेवणारी समीक्षा हास्यास्पद ठरेल. (चोचीच्या कारागिरीकडे बहिणाबाईंइतक्या बारकाईने पाहणारे पंडित कवी तरी किती?) चूक दृष्टीची नाही, ती नावातूनच आलेली आहे. संस्कृत काव्यशास्त्राने निसर्गाला बहुधा उद्दीपन विभावाचे स्थान दिले, म्हणजे मानवी भावनेच्या सेवेत ठेवले. लोकभाषेने त्याहून पुढे जाऊन त्याला साक्षीदार केले: पाहा, पाखरूही घर सांभाळते, मग बाईने का सांभाळू नये? किहीमच्या निरीक्षणाने ही साक्ष बाद होते, हे त्याचे पक्षिशास्त्राबाहेरचे मोल.

मात्र अडचण येथेच सुरू होते. नव्या माहितीतून लगेच नवी साक्ष उभी करण्याचा मोह अनावर असतो: नर एकामागून एक घरे मांडतो, तेव्हा बहुपत्नीत्व 'नैसर्गिक', मादी घर पारखून घेते, तेव्हा स्त्री हिशेबी. येथे जिज्ञासा संपलेली असते आणि पक्षी पुन्हा माणसाच्या वकिलीला जुंपलेला असतो. आपल्या बाजूने वा विरुद्ध काहीही न बोलणाऱ्या जिवाकडे पाहत राहणे कठीण आहे. किहीमला ते घडले. माद्यांनी नाकारलेल्या अर्धवट खोप्यांचीही तेथे नोंद झाली. ते खोपे ना सुगरणीच्या नावात बसतात, ना आईच्या कवितेत.