भंगार कोणी ठरवायचे?

'भंगार' हा शब्द नाम आहे की विशेषण, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. रविवारी सकाळी दारावर येऊन ओरडणाऱ्या माणसाच्या तोंडी तो नाम असतो. मुलांच्या तोंडी तो विशेषण असतो. त्यांच्या मते सिनेमा भंगार असतो, शाळेचा डबा भंगार असतो आणि माझा मोबाइल तर फारच भंगार असतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे, की हा शब्द मुळात क्रियापद असावा. कोणतीही वस्तू आपणहून भंगार होत नाही. ती झिजते, गंजते, अडते, बंद पडते. भंगार तिला कोणीतरी ठरवावे लागते. हा अधिकार कोणाचा, आणि ठरवण्याआधी त्याने निदान काय करायला हवे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या शास्त्रात वस्तूंच्या मरणाच्या दोन पद्धती सांगितल्या आहेत. पहिली सरळ रेषेची. यंत्र दहा वर्षे टिकेल असे एकदा लिहिले, की दरवर्षी किमतीचा दहावा हिस्सा वजा करायचा. दहा वर्षांनी यंत्र वहीत मरते. मग ते कारखान्यात धडधडत असले तरी आमचा इलाज नाही. दुसरी पद्धत घटत्या शिल्लकेची. लाखाच्या यंत्रावर 15 टक्के घसारा धरा. पहिल्या वर्षाअखेर उरले 85,000, दुसऱ्या वर्षाअखेर 72,250. असे चाळीस वर्षे करत गेलात तरी सुमारे 150 रुपये शिल्लक राहतातच. या पद्धतीत वस्तू कधीच मरत नाही, नुसती घरघर लागून पडून राहते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. कोणीही खुर्चीवरून उठून यंत्रापाशी जात नाही.

हे ज्ञान मी पंचवीसेक वर्षे निमूटपणे बाळगून होतो. त्याचा प्रत्यक्ष जीवनाशी संबंध आला तो अण्णांच्या ट्रॅक्टरमुळे. अण्णा म्हणजे माझे चुलते. बार्शी तालुक्यात आमचे गाव आहे आणि तिथे घरामागच्या लिंबाखाली अण्णांचा एचएमटी 2511 नऊ वर्षे उभा होता. दोन सिलिंडर, 25 अश्वशक्ती. मूळ रंग कोणता, यावर घरात मतभेद होते.

एचएमटी म्हटले की आपल्याला घड्याळ आठवते. माझ्या वडिलांच्या मनगटावर त्याच कंपनीचे घड्याळ होते. ते बंद पडल्यावरही त्यांनी दोन वर्षे वापरले, कारण बंद घड्याळ निदान मनगटाला शोभते. बंद ट्रॅक्टरला ती सोय नाही. या कंपनीने 1971 साली पिंजोरला ट्रॅक्टर बांधायला घेतले, ते चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या आराखड्यावर. पुढे 1993 साली चेकोस्लोव्हाकियाचे दोन तुकडे झाले आणि तो देश नकाशावर उरला नाही. 2016 साली सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभागही बंद करायचे ठरवले. म्हणजे ज्या देशाचा आराखडा तो देश गेला, जिने बांधला तिने तो धंदा सोडला, आणि लिंबाखाली हा गृहस्थ आपला उभाच.

अण्णांना गुडघ्यांनी दगा दिला तेव्हापासून ट्रॅक्टर थांबला. मोडला म्हणून नव्हे, बसणारा उरला नाही म्हणून. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली. मग गेल्या उन्हाळ्यात दादाच्या, म्हणजे थोरल्या चुलतभावाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फीचा पहिला हप्ता जूनमध्ये भरायचा होता. दादाने भंगारवाला आणला. त्याने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि 38 हजार सांगितले.

"भंगारच हाय की ते," दादा म्हणाला. "पोरीची फी महत्त्वाची का हे लोखंड?"

"त्याला भंगार म्हणू नगंस," अण्णा खाटेवरून म्हणाले. "सेल मारला की चालू हुतंय ते."

आठ दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. मग मला बोलावणे आले. मी बँकेत असल्यामुळे माझ्याकडे तटस्थपणा असतो, अशी नातेवाइकांची समजूत आहे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की हे भांडण वरवर दिसते तसे नाही. दादा व्यवहारी आणि अण्णा भावनाप्रधान, असे घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकले होते. पण दादाला विचारले, "बिघडलंय काय नक्की?" तर म्हणाला, "सगळंच." अण्णांना विचारले, "सुरू होईल कशावरून?" तर म्हणाले, "मला म्हाईत हाय." नऊ वर्षांत दादाने त्याचे बॉनेट उघडले नव्हते, कारण तो भंगार होता. अण्णांनीही उघडवले नव्हते, कारण तो चालूच होता. दर खंडेनवमीला मात्र अण्णा काठी टेकत जात, ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत. नऊ वर्षांत नऊ हार. पाना एकदाही नाही.

तुच्छता आणि भक्ती यांत फार फरक असतो असे आपण समजतो. लिंबाखाली उभा राहिलो तेव्हा मला तो दिसेना. दोन्हींमुळे माणसाची एकाच कष्टातून सुटका होते. जवळ जाऊन बघावे लागत नाही.

मी निकाल देण्याचे टाळले. बँकेत ती सवय लागतेच. त्याऐवजी तोडगा सुचवला. हिशेबतपासणीत एक भाग असतो, प्रत्यक्ष पडताळणी. वहीत काय लिहिले आहे ते बाजूला ठेवून वस्तू डोळ्यांनी बघायची. तेव्हा पंधरा दिवसांची मुदत आणि 10 हजारांची मर्यादा. इंजिन जाम निघाले किंवा ब्लॉक फुटलेला निघाला, तर त्याच दिवशी काम थांबवायचे आणि भंगारवाल्याला फोन करायचा. ही अट आधीच कागदावर घेतली, कारण दुरुस्तीत एकदा आठ हजार गेले की ते वसूल करायला माणूस आणखी ऐंशी घालतो. अण्णांनी सही केली. दादानेही केली. हिशेबाची वही माझ्याकडे आली.

मिस्त्री गावातलेच, साठीचे, अत्यंत मितभाषी. त्यांचा नियम एकच होता. "स्वस्त शंका आधी, महाग शंका मागनं." हे वाक्य मला इतके आवडले, की वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले.

डिझेल इंजिनाचा स्वभाव त्यांनी मला थोडक्यात समजावला. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, याला लागत नाही. सिलिंडरात हवा जोराने दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने 1897 साली हे यशस्वी करून दाखवले आणि इंजिनाच्या गरजा आजही त्याच आहेत: मोकळी हवा, स्वच्छ डिझेल, पुरेसा दाब. ऑफिसात माझ्याही याच तीन आहेत. डिझेलच्या जागी चहा.

पहिल्या दिवशी स्टार्टरला हात लावायचा नाही, असा मिस्त्रींचा हुकूम झाला. त्यांनी दोन्ही नोझल काढले, सिलिंडरात थोडे डिझेल आणि तेल ओतले आणि ते चहाला गेले. तीन दिवस ते चहालाच होते. चौथ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून त्यांनी हलका जोर दिला. अण्णा खाट ओढून जवळ येऊन बसले होते. पाना हलला नाही. मिस्त्रींनी उलटा जोर दिला, पुन्हा सुलटा. मग आतून कुरकुर झाली आणि पाना बोटभर फिरला. नंतर पूर्ण फिरला. इंजिन जाम नव्हते. अण्णांनी दादाकडे बघितले नाही, इतके ते सज्जन आहेत.

चेंबरचा नट सोडल्यावर काकवीसारखे काळे तेल आले. मिस्त्रींनी ते बोटांवर चोळले. पाणी शिरले असते तर ते दुधाळ झाले असते. "नऊ पावसाळे उघड्यावर," ते म्हणाले, "आन् पाणी कसं न्हाई गेलं?" उभ्या सायलेन्सरातून पावसाचे पाणी सिलिंडरात उतरते आणि बहुतेक पडीक इंजिने तशीच गंजून जाम होतात, असे त्यांनी सांगितले. आम्ही सगळ्यांनी वर बघितले. सायलेन्सरच्या तोंडावर एक पत्र्याचा डबा उपडा घातलेला होता.

"हा कुनी घातला?" दादाने विचारले.

वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. "मी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "पयल्या पावसात पाणी जाताना दिसलं आत. दरसाल मिरग लागायच्या आधी घालते. वाऱ्यानं पडला की परत घालते."

ट्रॅक्टर भंगार आहे की चालू आहे, यावर वहिनींचे मत कोणी कधी विचारले नव्हते. त्यांचेही काही मत नसावे. त्यांना पाणी जाताना दिसले, एवढेच.

बाकीचे काम किरकोळ पण चिवट होते. एअर क्लीनरमध्ये उंदराचे घर निघाले. त्यात तुरीची टरफले होती आणि झेंडूच्या वाळक्या हारातला दोराही होता. टाकीतले जुने डिझेल काढले, तळाशी पाणी आणि चिखल होता. टाकी धुतली, फिल्टर बदलले. रेडिएटरचे होज बोटाने दाबले तर चिरले, तेही बदलले. क्लचची प्लेट गंजून चिकटली होती; मिस्त्रींनी पायडल दाबून त्याला लाकडाचा टेकू दिला आणि चार दिवस तसेच ठेवले. आपोआप सुटली. माझ्या नोंदीत या दुरुस्तीचा खर्च शून्य आहे.

डिझेल पंपाची वेळ आली तेव्हा मिस्त्री गंभीर झाले. पंपातली पट्टी अडकली असेल तर इंजिन सुरू होईल, पण आवरणार नाही, वारेमाप पळेल. त्यांनी ती सोडवली, दहादा हलवून पाहिली. तरीही माझ्या हातात एक लाकडी फळी दिली. "पळाया लागलं तर हवेच्या तोंडावर दाबून धरायची." वाणिज्य शाखेच्या पदवीधराला उत्पादनक्षेत्रात मिळालेली ही पहिलीच जबाबदारी. मी फळी दोन्ही हातांनी धरून, मनात मारुतिस्तोत्र म्हणत उभा राहिलो.

नळ्यांतली एअर काढायला अर्धा तास गेला. बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागल्यावर शेजारच्या टेम्पोची मागून आणलेली बॅटरी जोडली, गिअर न्यूट्रलला असल्याची दोनदा खात्री केली आणि सेल मारला. पहिल्यांदा काहीच झाले नाही. दुसऱ्यांदा पांढरा धूर आला. तिसऱ्यांदा एक सिलिंडर धरला, एक नाही. ट्रॅक्टर लंगडत, खोकत, शिव्या दिल्यासारखा बोलू लागला. मिनिटभराने दुसराही आला. लिंबावरचे कावळे उडाले. अण्णा काहीतरी म्हणाले, ते आवाजात ऐकू आले नाही. फळीची गरज पडली नाही. ती मात्र मी बराच वेळ सोडली नव्हती.

खर्चाची बेरीज अशी: तेल आणि फिल्टर 2,600, होज आणि क्लिपा 700, दोन नोझल तपासून घेतले त्याचे 1,400, नळ्या आणि वॉशर 250, डिझेल 900, मिस्त्री 3,000, चहा 310. एकूण 9,160 रुपये. 840 रुपये परत केले. आमच्या घराण्यात अंदाजपत्रकातली रक्कम शिल्लक राहण्याचा हा पहिलाच प्रसंग.

आता यावरून गरिबीचे गोडवे गाण्याचा माझा विचार नाही. गरिबी वाईटच. पण एवढे खरे, की खिशात पैसा असला की माणूस भाग बदलतो आणि नसला की तपासतो. 50 हजार हाताशी असते तर बॉनेट उघडण्याआधीच आम्ही नवा पंप आणला असता. बजेट तोकडे होते म्हणून प्रत्येक नट-बोल्टाला आधी विचारावे लागले, "बाबा रे, तुझे काय दुखते?" हा प्रश्न फुकट असतो, कदाचित म्हणूनच तो आपण माणसांनाही फारसा विचारत नाही.

आणि समजा, चौथ्या दिवशी तो पाना फिरला नसता तर? मी अण्णांना नंतर हे विचारले. ते म्हणाले, "मग दिला असता भंगारात. बघून दिला असता." मग जरा थांबून म्हणाले, "आता तरी ठिवून काय करायचा? इकून टाक म्हणावं दादाला. बंद इकायचा नव्हता, यवडंच हुतं."

गिऱ्हाईक शेजारच्या गावाहून आले. अण्णांनी त्याला खाटेवर बसवून ट्रॅक्टरचे सगळे दोष क्रमवार सांगितले: सकाळी पांढरा धूर टाकतो, डावा ब्रेक कमी लागतो, क्लच अधूनमधून धरतो. दादाची चुळबुळ चालली होती. गिऱ्हाईक मात्र जसजसे दोष ऐकत गेले तसतसे निश्चिंत होत गेले. एवढे दोष ठाऊक असलेला माणूस आणखी काही लपवत नसणार, असा त्याने हिशेब केला असावा. 65 हजारांना सौदा झाला आणि फीचा हप्ता वेळेवर गेला.

ट्रॅक्टर निघताना अण्णांनी हार घातला. वहिनींनी तो पत्र्याचा डबा गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि मृगाआधी घालायचा, एवढे सांगितले. संध्याकाळी मी हिशेबाची वही पूर्ण करून दादाच्या स्वाधीन केली. शेवटच्या पानावर 'पत्र्याचा डबा, नग 1' अशी नोंद केली आहे. रकमेच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना, म्हणून आडवी रेघ ओढली.