पोटातली ओल

वालूरची ती लेक लंडनला वकिलाच्या कचेरीत लागली, तेव्हा गावात ती थेट बॅरिस्टर झाल्याची बातमी पसरली. सेलूच्या बाजारात लोक तिच्या अण्णांना अडवून विचारायचे, "कोर्टात बोलती का आता?" अण्णा सांगायचे, "न्हाई. कागदं लावती."

ते खरंच होतं. सेलूला शाळा, संभाजीनगरला कायदा, मग कर्ज काढून इंग्लंडात वर्षभराचं पुढचं शिक्षण आणि शेवटी एका आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये लीगल असिस्टंटची नोकरी. पण कागद लावणं हे काम हलकं नाही. एकेका दाव्यात हजारो ईमेल, पावत्या, करार येतात. ते वाचायचे, तारखेवार लावायचे, पानांना क्रमांक द्यायचे, वकील-पक्षकारांमधला गोपनीय पत्रव्यवहार बाजूला काढायचा आणि स्क्रीनवर प्रत्येक कागदाला खूण करायची: संबंधित की असंबंधित. १८९३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेला गेले तेही असल्याच मदतनिशीला. दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचा दावा होता, मोठे वकील दुसरेच होते, यांचा मेहनताना १०५ पौंड आणि वर प्रवासखर्च. दावा सगळा हिशेबाचा, म्हणून त्यांनी पुस्तक आणून जमाखर्च शिकून घेतला.

तिच्या वाट्याला आलेला दावा कापसाचा होता. एका भारतीय निर्यातदाराच्या गाठी जहाजाने व्हिएतनामला गेल्या. तिथे उघडल्या तर कित्येक पिवळ्या पडलेल्या, काही काळ्या. निर्यातदार हा तिच्या फर्मचा पक्षकार. तो म्हणत होता, समुद्राचं पाणी शिरलं. विमा कंपनी म्हणत होती, कापूस निघतानाच ओला होता. इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की माल त्याच्या अंगच्याच दोषाने बिघडला, तर विम्यात तसं वेगळं ठरलेलं नसेल तोवर कंपनी भरपाईला बांधील नाही. म्हणजे सगळी भिस्त ओल कुठून आली यावर.

एका रात्री तिच्यापुढे जिनिंग-प्रेसच्या वहीची छायाचित्रं आली. हाताने लिहिलेली, मराठीत. लॉटच्या आकड्यापुढे पेन्सिलीने ओल टिपलेली. बहुतेक ठिकाणी ७, ८. तीन लॉटांपुढे मात्र १४, आणि कडेला बारीक अक्षरात: हात घातला तर गरम लागते. शेठला सांगितले. दाबून घ्या म्हणाले.

शेजारचा मुलगा कामसू होता, मनाने चांगला. घड्याळाकडे बघत तो म्हणाला, "ही लिपी वाचणारं इथे कोण आहे? असंबंधित लाव आणि घरी जा." पानावर काय आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं. नियम मात्र तिला पाठ होता: इंग्लंडच्या दिवाणी दाव्यात आपल्याला मारक ठरणारा कागदही समोरच्याला दाखवावा लागतो. पण पकडणारं कोणी नव्हतं. व्हिसा याच नोकरीवर, कर्जाचे हप्ते याच पगारातून, आणि दावा पक्षकाराचा, ज्याच्या पैशावर फर्म चालते. तिने खूण केलीच नाही. तशीच घरी गेली.

सकाळी तिने वालूरला फोन लावला. तिथे दुपार झालेली, अण्णा शेतात. पक्षकाराची गोष्ट घरी बोलायची नसते, म्हणून तिने भलतंच विचारलं.

"अण्णा, त्या साली वेचणीत पाऊस आला होता बघा. खालच्या थराला ओल हाय, हे तुम्ही व्यापाऱ्याला आपण होऊन सांगितलंत. माय किती चिडली होती. काहून सांगितलं?"

"त्यानं गाडीत हात घातलाच असता की."

"आणि नसता घातला तर?"

अण्णा जरा थांबले. "तर त्याच्या गोदामात गंजी तापली असती, लेकी. ओल्या कापसाचं पोट तापतं, ठाऊक हाय न तुला? कधी कधी पेटतो बी. मग आजूबाजूचा कोरडा माल बी जातो, दुसऱ्याचा."

कचेरीत जाऊन तिने त्या पानाचं इंग्रजी भाषांतर केलं, कडेच्या बारीक अक्षरासकट. एक शब्द मऊ केला नाही. मग ते वरिष्ठ वकीलबाईंच्या टेबलावर ठेवलं. धास्ती होतीच. गांधीजींची आत्मकथा तिने सेलूला असताना वाचली होती. त्यात पुढच्या काळातला एक दावा आहे: लवादाचा निवाडा त्यांच्या पक्षकाराच्या बाजूने लागला, पण हिशेबात एक चूक राहिली होती, पक्षकाराच्याच फायद्याची. ती कबूल करायची कशाला, असं मोठ्या वकिलांचं मत. गांधीजींनी ती कोर्टापुढे मांडली आणि निवाडा टिकला. पण प्रत्येक वेळी टिकेलच असं कोणी लिहून दिलेलं नसतं, आणि तिला तर ते पुरतं कळत होतं.

वकीलबाईंनी पान दोनदा वाचलं आणि पक्षकाराला फोन लावला. तो फोनवर ओरडला, फर्म बदलायची भाषा केली. मग त्या तीन लॉटांचा दावा त्याला सोडावा लागला. तेवढे पैसे गेले ते गेलेच.

उरलेल्या गाठींवर सर्व्हेअरने बंदरातच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून पाहिले होते. खारं पाणी लागलेलं असेल तर थेंब दुधासारखा पांढरा होतो, तसा तो झाला होता. तरी कंपनीचा हेका होता की कापूस मुळात ओलाच, खाऱ्या पाण्याने फार तर भर घातली. आता तो हेका टिकेना. या लॉटांची ओल ७, ८ असल्याचं त्याच वहीत, त्याच अक्षरात होतं. जी वही स्वतःच्या मालकाविरुद्ध बोलते, ती बाकीच्या ठिकाणी खोटी कशी म्हणणार? दोन्ही बाजू बसल्या आणि कोर्टाच्या बाहेर तडजोड झाली.

सह्यांच्या दिवशी निर्यातदार स्वतः लंडनला आला होता. त्याने विचारलं, "वही वाचली ती तूच का? कुठली तू?"

"परभणी जिल्हा. सेलूजवळ वालूर."

"चक्राकार बारव आहे, तेच वालूर?"

"हो, तेच."

"मग त्या जिनमध्ये तुमच्याही गावचा कापूस गेला असेल."

"गेला असेल," ती म्हणाली. "आमच्या घरचा ओला नसणार. गावाचं मी सांगू शकत नाही."