आसन्नमरण मनुष्य आणि त्याची लेकरे

शास्त्रपाठ : योहान ११ : १–४४

बेथानी गावच्या लाजराची कथा आपल्या मंडळ्यांत प्रेतविधीच्या वेळी पुष्कळदा वाचली जाते. वाचणारा बहुधा कबरेवरील धोंड्याकडे घाईने धावतो, आणि वाटेतील एक लहानशी गोष्ट मागे राहून जाते. आज आम्ही वाचकांस तीच दाखवू इच्छितो. लाजर वारल्यावर प्रभूने शिष्यांस प्रथम असे कळविले की आपला मित्र झोपी गेला आहे. शिष्यांस वाटले, झोप लागली तर बरेच झाले, आता आजार उतरेल. ती जाणती माणसे होती, प्रभूच्या नित्य संगतीत वावरलेली होती, तरी त्यांचा गैरसमज झाला. तेव्हा प्रभूने ती भाषा सोडून दिली आणि लाजर मरण पावला आहे हे त्यांस उघड शब्दांत सांगितले. आपण थोड्याच वेळात त्यास उठविणार हे ठाऊक असूनही त्याने मरणास मरणच म्हटले. आणि पुढे शोक करणारी माणसे पाहून त्याच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले.

ज्याच्या हाती पुनरुत्थान आहे तो मरणाचे नाव घेण्यास कचरला नाही. आमच्या घरांतून मात्र दोन ठिकाणी मोठे मौन पाळले जाते : एक आजाऱ्याच्या उशाशी, व दुसरे लेकरांच्या देखत. या मौनास आपण दया समजतो. ती दया आहे काय, हे तपासून पाहू.

आमच्या फेरीतील एका गावी एक बंधू पोटाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळला होता. वय चाळिशीचे, पदरी तीन लेकरे, थोरला मुलगा नऊ वर्षांचा. डॉक्टरांनी भावास बाहेर बोलावून आता उपाय नाही म्हणून सांगितले. भावाने ते आजाऱ्यास सांगितले नाही. बायकोने धीर खचू नये म्हणून सांगितले नाही. आणि आजाऱ्यास सर्व कळलेच होते, परंतु घरच्यांस दुःख होईल म्हणून तोही बोलला नाही. एका खोलीत तीन माणसे, आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून एकच गोष्ट लपवीत होता! शेवटल्या आठवड्यात जमिनीचा तुकडा विकून त्यास शहरातील मोठ्या दवाखान्यात नेले, आणि तेथे नळ्यांच्या गर्दीत, घरच्या कोणाचाही हात हाती नसता, त्याने प्राण सोडला. लेकरांस अगोदरच मामाच्या गावी धाडले होते. त्यांस काय सांगितले होते ते पुढे येईल.

याउलट याकोबाचे पाहा. उत्पत्तीच्या पुस्तकात अध्याय ४७ पासून ५० पर्यंत एका म्हाताऱ्याच्या शेवटाची जेवढी हकिगत दिली आहे, तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणाची असेल. आपणास कोठे पुरावे हे तो योसेफाकडून शपथ घेऊन ठरवितो. नातवांस जवळ घेऊन त्यांचे मुके घेतो. प्रत्येक मुलाशी, ज्यास जे सांगावयाचे ते, कडू असले तरी सांगतो. मग पाय अंथरुणावर घेऊन प्राण सोडतो. आणि वधस्तंभावर असह्य वेदनेत असता प्रभूनेही आपल्या आईची सोय प्रिय शिष्याकडे लावून दिली (योहान १९). तेव्हा मरणापूर्वी व्यवस्था करणे हा अविश्वास आहे, किंवा त्याने मरण ओढवते, असे जे कित्येक भाविक जन म्हणतात, त्यांस शास्त्राचा आधार नाही.

व्यवस्था ती कोणती? प्रथम, आजाऱ्यास विचारावे. पाळकाने किंवा उपदेशकाने प्रार्थना आटोपून लगबगीने उठू नये, थोडे बसावे व म्हणावे, “दादा, पुढचे काय मनात आहे? कशाची भीती वाटते? घरी राहावेसे वाटते की दवाखान्यात? काही सांगावयाचे आहे काय?” तो नको म्हणाला तर आग्रह करू नये, पण दार उघडे आहे हे त्यास कळू द्यावे.

दुसरे, वेदना. दुखणे सोसणे म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी होणे, अशी समजूत करून घेऊन औषध नाकारणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. हे बरोबर नाही. मरणाच्या आजारात दुखणे शमविण्याचे शास्त्र आता स्वतंत्र आहे. त्यास उपशामक सेवा म्हणतात. मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले, व पुण्यास वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र. दोन्ही ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णांकडून पैसा घेत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही या सेवेची चौकशी करावी. मॉर्फिन या औषधावरील कायद्याची जाचक बंधने २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. अफूपासून होते म्हणून लोक त्यास भितात. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने सहसा कोणी व्यसनी होत नाही. आजारी कण्हू लागला म्हणजे गोळी द्यावयाची, ही रीत सोडून द्यावी. डॉक्टर जी वेळ लावून देतील त्या वेळेवर, दुखणे वर येण्यापूर्वी, ती द्यावी. आणि तिने पोट बांधले जाते म्हणून रेचकही मागून घ्यावे.

शेवटल्या दिवसांत आजारी अन्नास नको म्हणतो. तेव्हा बायाबापड्या रडत रडत चमच्याने पेज तोंडात घालतात. त्यांची माया आम्हांस कळते. परंतु त्या वेळी शरीरास अन्न नकोच असते, आणि जबरीने भरविलेला घास श्वासनळीत जाऊन त्या जिवास अधिक क्लेश होतात. ओल्या स्वच्छ फडक्याने ओठ व तोंड भिजवावे; दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीस जखमा होत नाहीत; हात हातात घेऊन बसावे. हीसुद्धा सेवाच आहे.

तिसरे, कागद. मृत्युपत्रास स्टँपाची किंवा मोठ्या वकिलाची गरज नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे करणाऱ्याची सही किंवा अंगठा व दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात; मात्र ज्यास काही मिळावयाचे आहे त्यास किंवा त्याच्या पतीस अथवा पत्नीस साक्षीदार करू नये, नाहीतर त्याचे देणे रद्द होते. याच कायद्याने बापास मृत्युपत्रात आपल्या अज्ञान लेकरांसाठी पालक नेमता येतो. आईनेही आपली इच्छा लिहून ठेवावी. कागद नसला तर विधवेस तिसरा हिस्सा व उरलेले दोन हिस्से लेकरांस मिळतात, आणि त्यांत मुलगा व मुलगी यांस सारखेच; हे पुष्कळ दिरांस ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून विसरते. (गोव्यातील कायदा निराळा आहे.)

आणखी एक कागद आहे, ज्यास लोक लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असा निर्णय दिला की, बरे होण्याची आशा नसता केवळ यंत्रांनी प्राण लांबवू नये, अशी इच्छा कोणाही सज्ञान मनुष्यास शुद्धीवर असता लिहून ठेवता येते. २४ जानेवारी २०२३ रोजी ही रीत सोपी झाली : दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही. आपणास बोलता येईनासे झाले तर आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नावही त्यात घालावे. दवाखान्यातील डॉक्टरांच्या दोन मंडळांनी खात्री केल्यावरच त्याप्रमाणे वागतात. मुद्दाम औषध टोचून जीव घेणे ही गोष्ट अगदी निराळी. तिला या कागदाने परवानगी नाही. ज्यास शेवटपर्यंत सर्व उपाय हवे आहेत त्याने तसे सांगावे, त्यात पाप नाही. पण सांगावे, म्हणजे पोरक्या होणाऱ्या लेकरांची जमीन कोणाच्याही इच्छेवाचून विकली जाणार नाही.

आता लेकरांविषयी. वर सांगितलेल्या बंधूच्या मुलांस, तुमचे बाबा पुण्यास कामास गेले, असे सांगितले होते. दीड महिन्याने शाळेतील भांडणात दुसऱ्या एका पोराने खरे काय ते थोरल्याच्या तोंडावर मारले. त्यानंतर तो मुलगा आईचेही खरे मानीना.

झोपी गेला, देवाघरी गेला, दूरच्या प्रवासास गेला, या आपल्या गोड बोली आहेत. शिष्यांस जी बोली कळली नाही ती चार वर्षांच्या लेकरास कशी कळावी? पाच-सहा वर्षांखालील मुलास मेलेला पुन्हा येत नाही हेच नीट उमगत नाही. झोपला म्हटले की ते स्वतः झोपण्यास भिते, आई निजली की तीस हलवून पाहते. देवास आवडला म्हणून त्याने नेला असे सांगितले की, आता आईही देवास आवडेल या भयाने ते प्रार्थनेच्या वेळी तोंड फिरविते. त्यास जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगावे : “बाबा फार आजारी होते. त्यांचे शरीर काम करीनासे झाले, म्हणून ते मेले. आता त्यांस दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आपण तुझ्याजवळ आहोत.” हे झाल्यावर मग पुनरुत्थानाची आशा सांगावी, या क्रमाने सांगितली म्हणजे ती लबाडी वाटत नाही.

आणखी एक गोष्ट न विचारता सांगावी : हे तुझ्यामुळे झाले नाही. मुले मनात फार हिशेब करतात. मी बाबांवर रागावलो, मी पाणी आणून दिले नाही, म्हणून ते मेले, असे वाटून कित्येक लेकरे आतल्या आत झुरतात.

कबरस्थानात मुलांस न्यावे काय, असे पुष्कळजण विचारतात. तेथे काय होणार हे आधी समजावून त्यांस विचारावे. यावयाचे असल्यास विश्वासाच्या एका माणसाने त्यांचा हात धरून राहावे, नको म्हणाल्यास ओढू नये. कोणी म्हणेल, योसेफाने बापास कनान देशी पुरण्यास नेले तेव्हा लहान लेकरे गोशेनात ठेविली होती. खरे आहे, पण तो प्रवास लांबचा होता. आमचे कबरस्थान वेशीबाहेर आहे.

आणि समाचारास येणाऱ्यांनी नऊ वर्षांच्या पोराच्या पाठीवर थाप मारून, “आता तूच घरचा कर्ता, रडायचे नाही हो,” असे म्हणणे कृपा करून बंद करावे. मुलीस, “आता तूच धाकट्यांची आई,” हेही. प्रभू रडला, तेथे या पोरास रडण्याची बंदी कोणी घातली? उलट, दुसऱ्या दिवशी ते विटीदांडू खेळताना दिसले तर त्यास निर्दयही समजू नये. मुलांचा शोक असाच असतो. घटकाभर रडे, घटकाभर खेळ.

उपदेशक बंधूंस एवढेच सांगणे की, तिसऱ्या दिवशीची प्रार्थना झाली म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकास, तसेच गावच्या शाळेतील गुरुजींस, घरी काय घडले ते कळवावे. मूल वेळेवर शाळेस जाते काय, निजते काय, पुन्हा अंथरूण ओले करू लागले काय, याची विचारपूस करावी. कित्येक महिने लोटूनही ते जेवीत-खेळत नसेल, किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. बापाचे नाव घरात घेत जावे. त्याचा फोटो ट्रंकेत न घालता भिंतीवर ठेवावा. वर्षाने नाताळात मूल एकाएकी विचारील, बाबा कसे मेले? हे त्यास एकदा सांगितलेले असेल. तरी पुन्हा खाली बसावे, आणि पहिल्या शब्दांतच पुन्हा सांगावे.