द्वैत, द्विधा आणि दुजेपण

संस्कृतातील ‘द्वि’ प्राकृताच्या वाटेने मराठीत आला, तो एकाच रूपाने आला नाही. ‘बे दुणे चार’ या पाढ्यातील ‘बे’ त्याचाच, आणि ‘दुणे’ म्हणजे ‘द्विगुण’ हेही त्याच कुळातील. द्वितीयेची भाऊबीजेतील ‘बीज’ झाली, तसा द्वितीयाचा ‘दुजा’ झाला. मात्र प्रत्येक ‘दु’ दोहोंचा वाचक नव्हे. दुकाळ, दुबळा यांतील ‘दु’ वाईटपणा दाखविणाऱ्या ‘दुर्’चा आहे. ‘दुःख दुणावले’ असे म्हणतात तेव्हा हे दोन्ही ‘दु’ शेजारी येऊन बसतात.

हे शब्द पर्याय म्हणून एका ओळीत मांडले जातात खरे; पण त्यांचा अर्थ एक नाही. युग्म, युगुल, जोडी यांत दोघांचा मेळ आहे. दुप्पट यात वस्तू तीच, माप वाढलेले. ‘द्वंद्व’ या शब्दात तर ‘दोन’च दोनदा उच्चारले आहे, म्हणून जोडी हाही त्याचा अर्थ आणि झुंज हाही. दुही, दुफळी यांत एकाचेच तुकडे होतात.

शास्त्रनिरूपणात घोटाळा होतो तो येथे. ‘द्वैत टाकावे’ असे अन्यत्र ऐकून एखादा वासनिक गोंधळतो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न, असे तर पंथाचे शास्त्र सांगते. मग द्वैत टाकले तर शरण कोणी जावे आणि कोणास? याचा उलगडा शब्दांचे अर्थ वेगळे केले म्हणजे होतो. द्वैत वस्तूंचे असते, द्विधा मनाची. जीव आणि परमेश्वर दोन आहेत हा दोष नव्हे. दोन आहेत म्हणूनच भक्ती संभवते. मुखी परमेश्वराचे स्मरण आणि संकट येताच देवतेपुढे नवसाचा नारळ, ही द्विधा होय. ‘अनन्य’ म्हणजे ज्याला अन्य आश्रय नाही असा. जीवच उरला नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

संस्कृतात द्विवचन आहे. मराठीत ते नाही. दोन झाले की अनेकवचनच. आश्रयाचेही तसेच घडते. आज एक नवस, उद्या दुसरा, परवा गंडादोरा.

अनुसरलेल्या साधकाने मात्र हे वासनिकाचेच दूषण समजून निश्चिंत राहू नये. घर सुटले, गोत सुटले, तरी झोळीतील अन्नाची घरच्या ताटाशी तुलना चालू असते. नारळ निदान चारचौघांना दिसतो. हे दुजेपण झोळी वाहणाऱ्यालाही पुष्कळ दिवस कळत नाही. भिक्षान्न रुचीसाठी सेवू नये असा जो आचार आहे, त्याकडे या दृष्टीनेही पाहावे. अन्नाची चव शोधणारी जीभ त्याच वेळी नाम घेत असते.