काठावरची समदृष्टी



आजचं वाचन गीता, अध्याय १०, श्लोक ३१. भगवंत अर्जुनाला आपल्या विभूती सांगताहेत. या श्लोकात वारा येतो, राम येतो, गंगा येते. ते लगेच पटतं. पण त्याच श्लोकात जलचरांमधला मकर, म्हणजे आपली मगर, तीही मीच, असं ते म्हणतात. मी इतकी वर्षं हे शब्द वाचून सरळ पुढे जायचो.

गेल्या जानेवारीत ऑफिसमधले चार मित्र पुण्याहून आमच्या विट्याला आले. त्यातल्या एकाला बोट्स्वानातल्या ओकावांगोच्या सफारीचं वेड. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. अंगोलात पडलेल्या पावसाचं पाणी कोरड्या दिवसांत तिथे पोचतं, प्राणी पाण्याकडे येतात आणि त्यांच्यामागे सिंह, बिबटे, रानकुत्री. "बजेट नाही रे," तो म्हणाला. मी म्हटलं, "चल, आमच्या कृष्णेत शिकारी फुकट दाखवतो."

भिलवडीजवळ नदीकाठी माझ्या मामांचं गाव. विट्याहून गाडीनं तासाभरावर. जवळच औदुंबर, दत्ताचं स्थान, आणि त्याच पाण्यात मगरी. थंडीत त्या हमखास दिसतात. थंड रक्ताचा प्राणी, अंग तापवायला उन्हात यावंच लागतं. नऊच्या सुमारास धुकं विरलं आणि समोरच्या मळीवर चार मगरी दिसल्या. एक तोंड उघडं ठेवून, दगडासारखी निश्चल. आम्ही मोबाईल काढले. एक मित्र हळूच म्हणाला, "एखादं कुत्रं पाण्यावर यायला पाहिजे यार, मजा येईल." सगळे हसले. मीही हसलो.

मामा हसले नाहीत. परत येताना त्यांनी शेजारचं घर दाखवलं. त्या घरातल्या माणसाचा पाय दोन वर्षांपूर्वी मगरीनं धरला होता. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह साफ करायला तो पाण्यात उतरला होता. वाचला, पण अजून लंगडतो.

मला वाटलं, इथे आपण काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, "मामा, पण तिच्यातही देवच आहे. गीतेत सांगितलंय."

मामा शांतपणे म्हणाले, "तुझं बराबर हाय. पर रातीची लाईट आली की मोटर चालू कराय तू ये की मग."

त्यावर मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगतो, अजूनही पूर्ण सुचलेलं नाही.

पाचव्या अध्यायात भगवंत समदृष्टी सांगतात. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, सगळ्यांत ज्ञानी माणूस एकच तत्त्व पाहतो. मी ती काठावर उभं राहून, पाय कोरडे ठेवून पाहत होतो. माझ्या समदृष्टीची किंमत मामांचा शेजारी भरत होता. आणि ज्या कुत्र्यात देव पाहायचा, त्याला मरताना बघायला आम्ही उत्सुक होतो. सफारीवाले त्याला 'साइटिंग' म्हणतात. दर्शन मात्र वेगळं. दर्शन घेतलं की आपल्यावर काहीतरी देणं येतं.

भागवतात गजेंद्रमोक्षाची कथा आहे. आपण नेहमी हत्तीच्या बाजूनं ती ऐकतो. पण हत्ती सरोवरात खेळायला आला होता, मगर तिथेच राहत होती. हरी धावत आला, त्यानं दोघांनाही पाण्याबाहेर ओढलं. चक्रानं मगरीचं तोंड फाडलं, हत्ती सुटला. आणि मगर? ती शापित गंधर्व होती, तीही मुक्त झाली. देवानं हत्तीची वेदना नाकारली नाही आणि मगरीला कायमची पापीही ठरवलं नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मगरीला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. नदी तिचीही आहे. पण टेंभू योजनेनं हेच कृष्णेचं पाणी उचलून आमच्या दुष्काळी खानापूर तालुक्यात येतं. म्हणजे मी कितीही लांब राहिलो तरी त्या पाण्याशी माझा संबंध आहे. मग मगर जगावी असं म्हणताना भीतीचा थोडा वाटा मीही उचलायला नको का?

आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून मामांच्या आणि शेजाऱ्यांच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवले. आता अंधारात काठावर जाण्याच्या खेपा कमी झाल्या. फूटव्हॉल्व्ह अडकला तर अजूनही कुणालातरी पाण्यात उतरावंच लागतं. ते मला रात्री कधीकधी आठवतं.

आज हा श्लोक वाचताना एवढंच बघा: ज्याच्यात देव आहे असं आपण सहज म्हणून जातो, त्याच्याजवळ रोज कोणाला जावं लागतं? त्या माणसाला आज एक फोन करा.

राम कृष्ण हरी.