दोनशे दुसरा तारा

माउली, माणसाचे मोल तो गेल्यावरच का कळते? या प्रश्नाकडे आज आकाशाच्या वाटेने पाहू.

1987 च्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेतील चिली देशात इयान शेल्टन या निरीक्षकाला मोठ्या मॅगेलन मेघात एक नवा ठळक तारा दिसला. सुमारे 1,60,000 प्रकाशवर्षे दूर एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. 1604 नंतर इतका ठळक स्फोट पृथ्वीवरून दिसला नव्हता. मग शोध सुरू झाला, की फुटला तो कोण?

जुनी छायाचित्रे काढली. त्या जागी एक निळा महातारा सापडला. निकोलस सँडुलीक यांनी पूर्वी केलेल्या यादीत त्याची नोंद होती: उणे 69 अंशांच्या पट्ट्यातला 202 वा. पण जाणकारांचा समज असा, की फुटतात ते फुगलेले लाल तारे. निळा कसा फुटेल? त्यात अतिनील किरण तपासले, तर वाटले, हा अजून जागेवरच आहे! बारकाईने पाहता कळले, की तो उजेड शेजारच्या दोन ताऱ्यांचा होता. निळा तारा नाहीसा झाला होता. त्याचे नसणे हीच त्याची खूण ठरली.

पण नुसत्या नसण्याने ओळख पटली नसती. आधीची नोंद होती, म्हणून पटली. यादी करणाऱ्याला पुढे कोण गाजणार हे ठाऊक नव्हते. फुटतील असे वाटणारेच तारे त्याने टिपले असते, तर हा निसटला असता. समदृष्टी ठेवली, म्हणून ओळख उरली.

आपले काय होते? दिंडीत वीणेकरी सर्वांना ठाऊक असतो. पहाटे उठून पाणी भरून ठेवणारा, मागे पडलेल्या म्हातारीची पिशवी उचलणारा, यांचे नाव कोण विचारतो? एके वर्षी तो येत नाही. मुक्कामावर काहीतरी उणे वाटते. पण कोण उणे, हे सांगता येत नाही.

आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. यंदा पाया पडून उठलात, की क्षणभर थांबा. त्याचे नाव विचारा, गाव विचारा, घरची खुशाली विचारा. हा मोठा की लहान, ते पारखू नका. जाणकारांनाही ते आधी कळले नव्हते. तो समोर आहे, एवढे कारण पुरे.